मारांडी : खाडीकांठच्या एका झुडपाची ओळख



आपल्या कोंकणपट्टींतील मुलांना आंबा, फणस, काजू, नारळ व पोफळ यांची ओळख करून द्यावी लागत नाहीं. पानाचा तुकडा हातांत दिला तरी तो कोणत्या झाडाचा हें तीं तत्काळ सांगतील. परंतु त्याच मुलांना खाडीच्या पुलावर उभें करून दोहों बाजूंस पसरलेल्या हिरव्या दाट झाडीकडे बोट दाखवावें आणि "हीं झाडें कोणतीं?" असें विचारावें, तर बहुधा एकच उत्तर मिळतें : "तें कांहीं नाहीं, खाजणांतलें रान आहे." मुलांना दोष देण्याचें कारण नाहीं. घरांतील वडील मंडळींचें उत्तरही याहून फारसें निराळें नसतें. ज्यांचें पोट खाडीवर चालतें त्या कोळी, गाबीत व खारवी मंडळींना मात्र या रानांतील झाडें नांवानिशीं ठाऊक असतात. आपण शिकलेलीं माणसेंच त्या नांवांना पारखीं झालों आहों.

ज्या वस्तूला आपण नांवानें ओळखीत नाहीं, तिची किंमतही आपणांस करितां येत नाहीं. आणि जिची किंमत केली नाहीं, ती एके दिवशीं नाहींशी झाली तरी आपल्याला चुकल्यासारखें वाटत नाहीं. म्हणून या लेखांत खाजणांतील त्या "कांहीं नाहीं" मधील एकच झुडूप निवडून त्याची नीट ओळख करून देण्याचें आम्ही योजिलें आहे. त्याचें नांव मारांडी. ती ठेंगणी असून बांधावर उभें राहून हाताच्या अंतरावरून न्याहाळतां येते, तिच्या खुणा ठळक आहेत, आणि ती कोठें उगवते हें समजलें कीं खाडी म्हणजे काय हेंही बरेंचसें समजतें. वनस्पतिशास्त्राचा आरंभ करणाऱ्याला याहून चांगला धडा सांपडणें कठीण.

नांवाची गोष्ट

एकाच वनस्पतीचीं नांवें प्रांतोप्रांतीं बदलतात. आपण जिला मारांडी म्हणतों, तिलाच बंगालच्या सुंदरबनांत हरगोजा म्हणतात. असा घोटाळा होऊं नये म्हणून शास्त्रज्ञांनीं प्रत्येक वनस्पतीस दुपदरी लॅटिन नांव देण्याची पद्धति पाडली. स्वीडन देशाचा विख्यात वनस्पतिज्ञ कार्ल लिनीअस यानें १७५३ सालीं आपल्या ग्रंथांत मारांडीला "अकँथस इलिसिफोलियस" असें नांव दिलें. यांतील पहिला शब्द "कांटा" या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून आला आहे, व दुसऱ्याचा अर्थ "इलेक्सच्या पानांसारखीं पानें असलेली" असा आहे. इलेक्स म्हणजे नाताळच्या सजावटींत ज्याच्या कांटेरी पानांचीं चित्रें आपण पाहतों तें युरोपांतील हॉली. म्हणजे नांवांतच दोन खुणा सांगून ठेविल्या आहेत : झुडूप कांटेरी आहे, आणि पान हॉलीसारखें आहे. लॅटिन नांवांना भिणाऱ्या विद्यार्थ्यांनीं हें लक्षांत ठेवावें कीं, तीं नांवें बहुधा वर्णनेंच असतात; अर्थ कळला कीं पाठ करण्याचा त्रास उरत नाहीं.

परंतु लिनीअसच्या पूर्वींच हें झुडूप ग्रंथांत आलें होतें, आणि तें आपल्याच लोकांच्या साह्यानें. कोचीन येथील डच अंमलदार हेंड्रिक व्हॅन ऱ्हीड यानें मलबारांतील वनस्पतींवर "हॉर्टस मलबारिकस" नांवाचा सचित्र ग्रंथ सिद्ध केला. त्याचे बारा खंड १६७८ पासून १६९३ पर्यंत ॲम्स्टरडॅम येथें छापले गेले. या कामीं इट्टी अच्युतन या मलबारी वैद्यानें आणि रंग भट, विनायक पंडित व आपू भट या तीन कोंकणी वैद्यांनीं आपलें ज्ञान दिलें. तिघां कोंकणी वैद्यांचें १६७५ सालचें नागरी लिपींतील प्रशस्तिपत्र त्या ग्रंथाच्या पहिल्या खंडांत छापलेलें आहे.

त्या ग्रंथांत मारांडीचें नांव "पैना चुळ्ळी" असें दिलें असून, भातशेताच्या कडेला वाढणाऱ्या आपल्या कोळशिंद्याला "वयल चुळ्ळी" म्हटलें आहे. "वयल" म्हणजे शेत. यांत मौज अशी कीं, आजचें शास्त्रही या दोन्ही वनस्पतींना एकाच कुळांत घालतें. एक खाऱ्या चिखलांतली, दुसरी गोड्या पाण्याकांठची. परंतु दोघी एका घराण्याच्या आहेत हें मलबारच्या जाणत्या लोकांनीं लिनीअसच्या आधीं ओळखून दोघींना एकच आडनांव दिलें होतें. शास्त्र हें केवळ परदेशांतून आलेलें आहे असें मानणाऱ्यांनीं या आडनांवाचा विचार करावा.

त्या कुळांतील आणखी मंडळी आपल्या चांगल्या परिचयाची आहेत. खोकल्यावरचा अडुळसा, अंगणांतील कोरांटी, आणि सह्याद्रीच्या उतारांवर सात सात वर्षांनीं फुलणारी कारवी हीं सर्व मारांडीचीं भावंडें होत. तिची एक बहीण भूमध्य समुद्राच्या कांठीं असते. रोमन लेखक व्हिट्रुव्हियस यानें अशी कथा दिली आहे कीं, कॉरिंथ शहरांतील एका मृत मुलीच्या थडग्यावर तिच्या दाईनें एक टोपली ठेविली व वर कौल झांकलें. खालीं अकँथसचें मूळ होतें; वसंतांत त्याचीं पानें टोपलीभोंवतीं वाढून कौलाशीं वळलीं. कॅलिमेकस नांवाच्या शिल्पकारानें तें पाहिलें व त्यावरून खांबाच्या शिराची आकृति बसविली. कथा खरी असो वा नसो, तेव्हांपासून आजतागाईत ज्या खांबांच्या माथ्यावर नक्षीदार पानें वळलेलीं दिसतात, तीं अकँथसचीं पानें होत. आपल्या खाजणांतील "रान" असें थोर घराण्याचें आहे.

ओळखण्याच्या खुणा

वनस्पति ओळखतांना एका खुणेवर कधींही भिस्त ठेवूं नये. न्यायाधीश जसा एका साक्षीदारावर निकाल देत नाहीं, तसा विद्यार्थ्यानें निदान चार साक्षी घ्याव्या. मारांडीच्या साक्षी पुढीलप्रमाणें आहेत.

पहिली साक्ष पानाची. मारांडीचें झुडूप बहुधा कंबरेएवढें, फार झालें तर पुरुषभर उंच होतें. त्याचीं पानें जाड, ताठ व तुळतुळीत असून सुमारें वीतभर लांब असतात. पानाची कड नागमोडी असते व तिच्या प्रत्येक टोंकाला एक तीक्ष्ण कांटा असतो. पानें समोरासमोर जोडीनें येतात, आणि खालची जोडी पूर्व-पश्चिम असेल तर वरची दक्षिणोत्तर असते. वरून पाहिलें असतां पानांचा चौफुला दिसतो. अशा मांडणीनें वरच्या पानाची छाया खालच्या पानावर कमींत कमी पडते.

दुसरी साक्ष पेऱ्याची. पानाचा देंठ जेथें खोडाला मिळतो तेथें लहानशा कांट्यांची जोडी असते. ही खूण महत्त्वाची आहे. कारण दाट सावलींत वाढलेल्या मारांडीच्या पानांची कड कधीं कधीं अगदीं साधी, कांट्यांवांचून असते. अशा वेळीं पानाकडे पाहून निकाल देणारा फसतो. पेरें पाहणारा सहसा फसत नाहीं.

तिसरी साक्ष फुलाची. हिवाळ्याच्या अखेरीपासून पावसाळा लागेपर्यंत मारांडी विशेषेंकरून फुलते. फांदीच्या टोंकाला उभा तुरा येतो व त्यावर जांभळट निळीं फुलें ओळीनें लागतात. फूल सुमारें दीड इंच लांब असून त्याला खालचा ओंठ आहे, परंतु वरचा नाहीं. अडुळशाच्या फुलाला दोन ओंठ असतात. मारांडीचें फूल मात्र कोणीं जीभ बाहेर काढून दाखवावी तसें दिसतें. या रुंद जिभेवर भुंगा उतरतो व आंत शिरतो. आंत चार जाड, केसाळ पुंकेसर असतात. त्यांच्याखालून मधाकडे जातांना परागांची धूळ त्याच्या पाठीवर बसते व तो ती दुसऱ्या फुलाला पोंचवितो. लहानगे सूर्यपक्षीही मधासाठीं या फुलांवर येतात.

चौथी साक्ष फळाची. फळ म्हणजे इंचभर लांबीचें लंबगोल बोंड. त्यांत बहुधा चार चपट्या बिया असतात, व प्रत्येक बीखालीं आंकड्यासारखा एक ताठ देंठ असतो. बोंड पिकून वाळलें कीं तें एकदम तडकतें आणि हे आंकडे बियांना गलोलीसारखे दूर भिरकावून देतात. बी दोन मीटरपर्यंत जाऊन पडते. अडुळसा व कारवी यांचीं बोंडेंही याच रीतीनें तडकतात. कुळाची रीत ती हीच.

पांचवी साक्ष मुळांची. म्हातारें झुडूप पाहिलें तर खोडाच्या बुडाजवळून कांहीं मुळें टेकूसारखीं बाहेर येऊन चिखलांत रोंवलेलीं दिसतात. खोड लवून चिखलाला टेंकलें तर तेथेंही मुळें फुटतात व नवें झुडूप उभें राहतें. म्हणूनच मारांडी एकटीदुकटी क्वचित् दिसते. ती जाळी करून राहते.

जेथें फसगत होते

आतां जीं झाडें मारांडी समजून दाखविलीं जातात, त्यांचा निराळेपणा सांगतों.

कोळशिंदा, ज्याचें बी तालीमखाना म्हणून औषधांत जातें, त्याचीं फुलें जांभळट निळींच असतात व पेऱ्यावर कांटेही असतात. परंतु त्याच्या पेऱ्याभोंवतीं लांब, पिवळट असे सहा कांटे असतात. फुलें टोंकाच्या तुऱ्यावर नसून पेऱ्यापेऱ्यांत घोंसानें येतात. आणि पानाची कड कांटेरी नसते. शिवाय तो तळ्याच्या, ओढ्याच्या व भाताच्या वाफ्याच्या कडेला, म्हणजे गोड्या पाण्यापाशीं असतो.

पिवळा धोतरा याचें पानही कांटेरी असतें. परंतु तो अमेरिकेंतून आलेला पाहुणा असून कोरड्या, पडीक जागीं उगवतो; त्याचें फूल पिवळें असतें, आणि देंठ मोडला असतां पिवळा चीक येतो. मारांडीला चीक मुळींच नसतो.

तिसरें झाड गेवा. कोठें यास फुंगळी असेंही म्हणतात. मारांडीशीं याचें साम्य नाहीं. परंतु तें तिच्या शेजारींच वाढतें, म्हणून त्याविषयीं इशारा देणें आमचें कर्तव्य आहे. गेव्याचें पान गुळगुळीत, बिनकांट्याचें असून एकाआड एक येतें, व गळण्यापूर्वीं लाल होतें. त्याची फांदी मोडली कीं दुधासारखा पांढरा चीक येतो. हा चीक कातडीला लागला तर फोड येतात, आणि डोळ्यांत गेला तर कांहीं काळ दृष्टि जाते. त्याच्या लॅटिन नांवाचा धातूच "आंधळें करणें" या अर्थाचा आहे. म्हणून खाडीकांठीं ओळख नसलेली फांदी मुलांनीं कधींही मोडूं नये. वनस्पति ओळखणें ही केवळ परीक्षेची बाब नसून कधीं कधीं डोळे शाबूत राखण्याचीही बाब असते, हें यावरून ध्यानांत येईल.

राहण्याची जागा

प्रत्येक झाडाचा एक पत्ता असतो. मारांडीचा पत्ता समजण्यासाठीं भरतीओहोटीचें गणित थोडें आठवावें लागेल. आपल्या किनाऱ्यावर दिवसांतून दोनदां भरती येते, आणि एका भरतीपासून दुसरीपर्यंत सुमारें १२ तास २५ मिनिटें जातात. त्यामुळें रोजची भरती आदल्या दिवसाहून सुमारें पाऊण तासाहून थोड्या अधिक उशिरानें येते. अमावास्या व पौर्णिमा यांच्या सुमारास उधाण येऊन पाणी फार वर चढतें. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, तेव्हां पाणी थोडेंच चढतें व थोडेंच उतरतें. अशा रीतीनें खाडीच्या उतरत्या कांठावर जणूं पायऱ्याच पडतात. खालच्या पायरीवर पाणी रोज दोनदां येतें. मधल्या पायरीवर मोठ्या भरतीला येतें. वरच्या पायरीवर केवळ उधाणाला पोंचतें.

प्रत्येक पायरीचे भाडेकरी ठरलेले आहेत. पाण्याच्या अगदीं जवळ, मऊ चिखलांत चिप्पी, तिवर व कांदळ हीं झाडें उभीं राहतात. कांदळाचीं मुळें कमानीसारखीं खालीं उतरतात. तिवराचीं श्वासमुळें पेन्सिलीसारखीं व चिप्पीचीं सुळक्यांसारखीं चिखलांतून वर डोकें काढतात. मारांडी बहुधा यांच्या मागें, मधल्या व वरच्या पायरीवर, जमिनीच्या अंगाला असते. बांधाचा बाहेरचा पायथा, लहान व्हाळ खाडीला मिळतो तें मुख, मोठ्या झाडांमधील मोकळी जागा, हीं तिचीं आवडतीं ठिकाणें. खाडींतून होडीनें वर वर जाऊं लागलें, व गोड्या पाण्याचा अंश वाढूं लागला, कीं कांठावर मारांडीच्या जाळ्या अधिक दिसूं लागतात. गोव्यांत मांडवी नदींतील चोडण बेटावर १९८८ सालीं पक्ष्यांचें अभयारण्य झालें. तेथें, किंवा कुंभारजुव्याच्या कालव्यांत, ही वनस्पति पाहतां येते. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड व ठाणे या जिल्ह्यांच्या खाड्यांतही ती आहे. पूर्वेकडे सुंदरबन, ब्रह्मदेश, मलाया यांवरून थेट ऑस्ट्रेलियाच्या उष्ण किनाऱ्यापर्यंत तिचा विस्तार आहे.

मिठाशीं संसार

समुद्राच्या हजार ग्रॅम पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. बागेंतल्या गुलाबाला असें पाणी घातलें तर तो सुकून जाईल. कारण बाहेरचें खारें पाणी मुळांना पाणी देण्याऐवजीं त्यांतीलच पाणी ओढून घेतें. मग खाडींतलीं झाडें जगतात कशीं?

याचीं उत्तरें निरनिराळीं आहेत. कांदळ आपल्या मुळांशींच मीठ अडवून धरतें. बरेंचसें मीठ तें आंत येऊंच देत नाहीं. तिवर, काजळा व मारांडी यांची रीत दुसरी. तीं थोडें मीठ आंत घेतात, परंतु पानांवरील सूक्ष्म ग्रंथींतून तें पुन्हां बाहेर टाकतात. पाऊस नसतांना, उन्हें तापल्यावर, मारांडीचें पान भिंगांतून पाहिलें तर त्याच्या पृष्ठभागावर मिठाचे बारीक चकचकीत कण दिसतात. पाऊस आला कीं ते धुऊन जातात. ज्यांना वाटतें कीं झाडें स्तब्ध उभीं असतात व कांहीं करीत नाहींत, त्यांनीं हे कण अवश्य पाहावे. त्या मूक पानांचा कारखाना दिवसभर चालू असतो.

पान जाड व तुळतुळीत कां, हेंही आतां समजेल. खाऱ्या चिखलांत पाणी भरपूर असलें तरी तें मिळविण्यास श्रम पडतात. म्हणून मिळालेलें पाणी जपावें लागतें. जाड साल असलेल्या पानांतून वाफ कमी जाते. चहूंकडे पाणी असून काटकसर करणारें हें झुडूप आहे.

झुडूप काय सांगतें

खाडीची वाट चालतांना एखाद्या जागीं मोठीं झाडें दिसूं नयेत आणि केवळ मारांडीचीच दाट जाळी पसरलेली असावी, असें आढळलें तर विद्यार्थ्यानें थांबून विचार करावा. मारांडीला मोकळें ऊन मानवतें. तिवर व कांदळ यांच्या दाट छायेंत ती थोडकी असते; परंतु तीं झाडें तोडलीं गेलीं कीं रिकाम्या जागेंत ती झपाट्यानें पसरते. म्हणून पुष्कळ वेळां अशी जाळी म्हणजे पूर्वीं येथें वृक्ष होते व ते गेले, याची खूण असते. जाळी फार दाट झाली तर वाहून आलेलीं तिवराचीं व कांदळाचीं रोपें तिच्या छायेंत वाढूंही शकत नाहींत. म्हणजे मारांडी ही शत्रु आहे असें मात्र नव्हे. उघड्या पडलेल्या चिखलाला तीच धरून ठेवते, गाळ अडविते, आणि खेंकडे, कोळंबी व माशांचीं पिलें यांना तिच्या मुळांशीं आसरा मिळतो. ती जखमेवर धरलेल्या खपलीसारखी आहे. खपली पाहून जखम ओळखावी. खपली खरवडूं नये.

हें वाचतां आलें तर खाडी आपल्याशीं बोलूं लागते. आणि आज तिचें बोलणें ऐकण्याची गरज मोठी आहे. २०२१ सालच्या वनसर्वेक्षणाच्या अहवालाप्रमाणें साऱ्या भारतांत खारफुटीचें रान ४,९९२ चौरस किलोमीटर होतें. त्यांपैकीं महाराष्ट्रांत ३२४ व गोव्यांत २७ चौरस किलोमीटर. हें रान जातें तें नेहमीं कुऱ्हाडीनेंच जातें असें नाहीं. खाडीच्या तोंडाशीं मातीचा व दगडांचा भराव टाकला, भरतीचें पाणी येणें बंद झालें, कीं आंतलीं झाडें कोणीं हात न लावतां वाळून जातात. मग लोक म्हणतात, "येथें तर कांहींच नव्हतें, ओसाड जागा होती." ज्यानें कालची मारांडी व तिवर नांवानें ओळखली होती, तोच या म्हणण्याला उत्तर देऊं शकतो. ज्यानें ओळखली नाहीं, त्याची साक्ष कोण घेणार?

या अज्ञानाची किंमत कोणीतरी देतोच. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईंत सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. इतक्या पावसानें पूर आलाच असता. परंतु मिठी नदीच्या कांठचीं पाणथळ रानें भरावाखालीं गेलेलीं असल्यामुळें पाण्याला पसरण्यास जागा उरली नव्हती, आणि तें माणसांच्या घरांत शिरलें. याउलट गोव्यांतील व दक्षिण कोंकणांतील जुन्या शेतकऱ्यांची रीत पाहावी. खाजण शेतीचा बांध घालतांना ते बांधाच्या बाहेर खारफुटीची रांग राखीत, कारण लाटेचा जोर ती आधीं आपल्या अंगावर घेते. बांधांतील मानस नांवाचें दार भरतीला मिटतें व ओहोटीला उघडतें. आंत कोरगुटासारखें खारें सोसणारें भात पिकतें. बांध, दार आणि झाडी या तिहींवर ती शेती उभी आहे. त्यांतील एक काढलें तर उरलेलीं दोन फार दिवस टिकत नाहींत.

कायदाही आतां या झाडांच्या बाजूनें उभा आहे. मुंबई उच्च न्यायालयानें ऑक्टोबर २००५ मध्यें राज्यांतील खारफुटीच्या तोडीस मनाई केली. २०१२ सालीं महाराष्ट्र शासनानें स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापिला. आणि सप्टेंबर २०१८ मध्यें त्याच न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, खारफुटीचा नाश हा नागरिकांच्या जीविताच्या मूलभूत हक्कावरच घाला होय. परंतु कायदा कागदावर असतो व झाड चिखलांत. त्या दोहोंमध्यें झाड ओळखणारा माणूस असल्यावांचून कायद्याचा हात झाडापर्यंत पोंचत नाहीं.

विद्यार्थ्यांसाठीं अभ्यास

आतां या लेखाचा उपयोग करावयाचा तो असा. ज्यांचें गांव खाडीजवळ आहे अशा विद्यार्थ्यांनीं माघापासून वैशाखापर्यंत सोईच्या दिवशीं, घरांतील वडील माणसाला बरोबर घेऊन, ओहोटीच्या वेळीं खाडीकांठीं जावें. आधीं भरतीची वेळ विचारून घ्यावी. चिखलांत उतरूं नये. मारांडी बांधावरूनच दिसते. वनस्पतीचें पान किंवा फांदी तोडूं नये. जुन्या पद्धतीप्रमाणें वाळलेल्या नमुन्यांची वही करण्याऐवजीं चित्रांची वही करावी. चित्र काढतांना डोळा जितका बारकाईनें पाहतो, तितका तोडलेलें पान वहींत चिकटवितांना पाहत नाहीं.

वहींत पुढील प्रश्नांचीं उत्तरें लिहावीं. पानें समोरासमोर आहेत कीं एकाआड एक? कड कांटेरी आहे काय? पेऱ्यावर किती कांटे आहेत? फुलाला किती ओंठ आहेत, व त्यावर कोण कोण येतें? झुडूप कोणत्या पायरीवर आहे. रोजच्या भरतीच्या, मोठ्या भरतीच्या, कीं उधाणाच्या? शेजारीं कोणतीं झाडें आहेत? आणि शेवटीं, तेथील एखाद्या वृद्ध मच्छीमाराला किंवा शेतकऱ्याला आदरपूर्वक विचारावें : "आजोबा, या झुडपाला आपल्याकडे काय म्हणतात? पूर्वीं येथें काय होतें?" हा प्रश्न सर्वांत मोलाचा आहे; कारण त्याचें उत्तर कोणत्याही पुस्तकांत मिळणार नाहीं, आणि उत्तर देणारीं माणसें दिवसेंदिवस थोडीं होत चाललीं आहेत.

पालकांसही आमची एक विनंती आहे. मूल चिखलानें भरलेले पाय घेऊन घरीं आलें आणि एका कांटेरी झुडपाचें नांव सांगूं लागलें, तर त्याला रागें भरण्यापूर्वीं तें नांव एकदां ऐकून घ्यावें. औषध म्हणून या झुडपाच्या पानांचा उपयोग सांगणारे कोणी भेटतील; जाणत्या वैद्याच्या सल्ल्यावांचून तो मात्र करूं नये. आणि खाजणाकांठीं जागा घेण्याचा वा भराव टाकण्याचा प्रश्न कधीं घरांत निघाला, तर त्या दिवशीं मुलाची ती वही मागवून पाहावी. तेथें काय काय उगवतें व भरतीचें पाणी कोठवर चढतें, हें तिच्यांत लिहिलेलें असेल.

पुढील वर्षीं आमच्या विद्यार्थ्यांना पुलावर उभें करून कोणीं तोच प्रश्न विचारला, तर "कांहीं नाहीं" या उत्तराच्या जागीं निदान एक नांव, चार खुणा आणि एक पत्ता त्यांना सांगतां यावा, एवढीच आमची अपेक्षा आहे. एका झुडपापासून आरंभ झाला कीं तिवर, कांदळ, चिप्पी व काजळा यांची ओळख करून घेण्यास ते आपण होऊनच निघतील.